टर्मिनलातली गाय मराठी बोलेल का? (काउसे, एसएल आणि असले इतर चाळे)

सूरसागरी (धागाकर्ता)

विषय पोरकट आहे, आधीच सांगून ठेवतो. कामाचं काही हवं असेल त्यांनी बॅकअपच्या धाग्यावर जावं.

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या गणेश मंडळाची एक खोली वर्षातला बहुतेक काळ रिकामी असते. तिथे रविवारी सकाळी आठवी-नववीच्या मुलांना लिनक्स शिकवतो. लोकांनी दिलेले जुने लॅपटॉप, त्यांवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार). मोबाइलवर ही मुलं आपल्याला विकून खातील, पण काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर दिसला की हात मांडीवर. "काका, काही बिघडलं तर?" एवढाच प्रश्न. म्हणून पहिल्या तासाला एलएस (फाइलींची यादी), सीडी (फोल्डर बदलणं) वगैरे बाजूला ठेवतो आणि गाय बाहेर काढतो.

```
 __________
< या, बसा >
 ----------
        \   ^__^
         \  (००)\_______
            (__)\       )\/\
                ||-----||
                ||     ||
```

(धाग्यात सगळ्या कमांड देवनागरीत लिहितोय, मशिनवर अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाका.)

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: हा काउसे. टोनी मनरो यांनी पर्ल या भाषेत लिहिला, १९९९ पासून फिरतोय. तुम्ही वाक्य द्यायचं, तो ते फुग्यात घालून गायीच्या तोंडी देतो. संपलं. -डी दिलं की गाय मरते, डोळ्यांच्या जागी फुल्या आणि जीभ बाहेर. -टी दिलं की दमते, -जी दिलं की डोळ्यांत डॉलर. -ई पुढे कुठलीही दोन चिन्हं दिली की तेच तिचे डोळे. काउसेऐवजी काउथिंक लिहिलं की बोलत नाही, मनात म्हणते. -एल ने सगळे प्राणी दिसतात, -एफ ने त्यातला एक निवडायचा, त्यात लिनक्सचा पेंग्विनही आहे.

मला तिचा खरा उपयोग पाइप शिकवायला होतो. 'एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट' हे वाक्य फळ्यावर कितीही वेळा लिहा, चेहरे कोरे. डेट, उभी रेघ, काउसे असं लिहिलं आणि गायीने तारीख सांगितली की वर्गात ओरडा होतो, मग मुलं स्वतःच जे दिसेल ते गायीच्या गळ्यात मारतात. एका मुलीने कॅल, म्हणजे कॅलेंडर दिलं. गायीने महिन्याच्या सगळ्या तारखा चुरगळून एकमेकींत कोंबल्या. "ही वेडी आहे का?" नाही, ती चाळीस रकान्यांत मजकूर नव्याने गुंडाळते, ओळी तोडलेल्या मानत नाही. -एन दिलं की गुंडाळत नाही, आहे तसं ठेवते. त्या एका -एन वरून ओळ म्हणजे काय, रिकामी जागा हेही एक अक्षर कसं, यावर अर्धा तास निघाला. हे मी ठरवून शिकवलं असतं तर अर्धी मुलं झोपली असती.

आता अडचण. मुलांना गाय मराठीत बोलायला हवी आहे. एकाच्या मॅकवर फुग्याची उजवी भिंत कुठच्या कुठे जाते, डेबियनवर भिंत जागेवर राहते पण अक्षरं विस्कटतात. उपाय?

दुसरं, असे आणखी कुठले प्रोग्रॅम मुलांना दाखवण्यासारखे आहेत?

---

रेवा_रावपुरा

काका, सगळ्यात आधी एसएल. एलएस लिहिताना बोटं उलटी पडली की पडद्यावरून वाफेचं इंजिन धाडधाड जातं. तोयोदा मासाशी यांचा, १९९३ चा. एसएल म्हणजे जपानात स्टीम लोकोमोटिव्ह, आणि काढलंय ते तिथलं डी-५१ इंजिन. मोठी गंमत म्हणजे कंट्रोल-सी ने थांबत नाही. गाडी पूर्ण जाईपर्यंत गप्प बसायचं, तीच शिक्षा. -ए दिलं की अपघात होतो आणि माणसं वाचवा-वाचवा ओरडतात, -एल दिलं की छोटी गाडी, मोठ्या एफ ने गाडी उडते.

---

टर्मिनलत्रस्त

मुलांसाठी ठीक. पण ही गाय एकदा घरात शिरली की गोठ्यात परत जात नाही, हे मी रोज बघतो. जो तो लॉगिन फाइलमध्ये फॉर्च्यून (कुठलाही एक सुविचार काढून देणारा प्रोग्रॅम) आणि काउसे टाकून ठेवतो. मला सर्व्हरवर घुसून डिस्क भरलीय का ते बघायचंय, आणि समोर ड्रॅगन सुविचार ऐकवतोय. रात्री दोनला.

---

रेवा_रावपुरा

@टर्मिनलत्रस्त दादा, ह्यावर किस्सा आहे. आमच्या ऑफिसात एकाने सर्व्हरवरच्या स्वतःच्या बॅशआरसीमध्ये (बॅश हा शेल सुरू होताना वाचतो ती फाइल) गाय बसवली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खात्यावर फाइल पाठवायला गेलं की एससीपी मरायचं, आरसिंक म्हणायचं प्रोटोकॉल जुळत नाही. आख्खी दुपार नेटवर्कवाल्यांना शिव्या. कारण काय, तर बॅश एसएसएचमधून, म्हणजे दुसऱ्या मशिनवरून, कमांड चालवतानाही ती फाइल वाचतं. पलीकडचा आरसिंक बाइट्सची वाट बघतोय आणि त्याला आधी गायीची शिंगं येतायत.

म्हणून ज्यांना लॉगिनला गाय हवीच आहे त्यांनी आधी शेल इंटरॅक्टिव्ह आहे का ते तपासावं. डॉलर-डॅश या व्हेरिएबलमध्ये 'आय' असेल तरच गाय. नाहीतर सरळ बॅश-प्रोफाइलमध्ये टाका, ती फक्त लॉगिन शेलला वाचली जाते.

---

टर्मिनलत्रस्त

हेच म्हणतोय मी. आणि अॅन्सिबल (अनेक सर्व्हर एकदम लावून देणारं साधन)? मशिनवर काउसे सापडला तर प्लेबुकचं (त्याच्या कामांच्या यादीचं) प्रत्येक शीर्षक तो न विचारता गायीच्या तोंडी घालतो. कुणीतरी गंमत म्हणून काउसे टाकतो, तो विसरतो, आणि मग शेकडो टास्कच्या लॉगमध्ये शेकडो गायी. त्यात एक लाल ओळ शोधायची. त्यासाठी अॅन्सिबलला 'नोकाउज' ही वेगळी सेटिंग ठेवावी लागली, ह्यातच सगळं आलं.

---

मी_फक्त_वाचतो

काउ सिलेक्शनला रँडम पण ठेवता येतं. प्रत्येक टास्कला वेगळा प्राणी. 😇

---

टर्मिनलत्रस्त

तू वाचतच जा.

---

पर्लपारंगत

मूळ प्रश्नाकडे येतो. दोन मशिनवर दोन वेगळे आजार आहेत.

'नमस्कार' हा शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात: न, म, स्का, र. युनिकोडमध्ये सात आहेत: न, म, स, हलन्त, क, काना, र. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे एकवीस. मूळ काउसे इंग्रजी डोक्यात ठेवून लिहिलेला. तो बाइट मोजतो आणि एकवीस अक्षरांचा फुगा फुगवतो. ओळी दोन असल्या आणि त्यांत मात्रा-जोडाक्षरं कमीजास्त असली की प्रत्येक ओळीची भिंत वेगळ्या जागी. तुमच्या मॅकवाल्या पोराकडे हेच होत असणार.

डेबियनवाल्यांनी त्याला ठिगळ लावलंय. त्यांचा काउसे पर्लचं टेक्स्ट-कॅरविड्थ हे मॉड्यूल वापरतो, ते सिस्टिमला विचारतं की हे चिन्ह किती रकाने खातं. हलन्त, उकार, मात्रा, अनुस्वार यांना शून्य. व्यंजनांना एक. पण काना, वेलांटी यांना सुद्धा एक. म्हणून 'नमस्कार'चे रकाने सहा. टर्मिनलही तेच कोष्टक वापरत असेल तर भिंत जागेवर राहते.

आता दुसरा आजार. बरेच टर्मिनल प्रत्येक चिन्ह आपापल्या रकान्यात सुटं सुटं काढतात. मग 'स्का' जुळत नाही, स चा पाय मोडलेला दिसतो आणि क लांब उभा. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी यायची ती मागे पडते किंवा ठिपक्यांच्या गोलावर बसते. यात गायीचा काही दोष नाही.

उपाय दोन. एक, टर्मिनल बदला. एमएलटर्म हा पूर्वीपासून भारतीय लिप्या जोडून दाखवतो, जुन्या लॅपटॉपवर हलकाही पडेल. किटी नावाचा टर्मिनल आहे, कोविद गोयल यांचा (कॅलिबर वापरता ना पुस्तकांसाठी, ते यांचंच). त्यात २०२५ पासून नवी सोय आहे, अमुक मजकूर इतके रकाने घेईल असं प्रोग्रॅमच टर्मिनलला सांगू शकतो. पण ते गायीला शिकवावं लागेल.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. मोजूच नका. ओळ छापा, मग कर्सरला थेट पंचेचाळिसाव्या रकान्यात पाठवा, तिथे भिंतीची रेघ मारा. एस्केप, चौकोनी कंस, ४५, मोठा जी. एवढंच. मजकूर चार रकान्यांचा असो की एकवीस, भिंत पंचेचाळीसलाच. फुगा छापणारी स्क्रिप्ट सहा-सात ओळींत होते, गाय तेवढी काउसेच्या फाइलमधून घ्यायची. तोटे: आउटपुट फाइलमध्ये वळवलं तर कचरा दिसतो, आणि ओळ चाळिसाच्या आत तुम्हालाच ठेवावी लागते.

---

जिस्टकाका

पर्लपारंगत, उत्तम समजावलंत. तरुण मंडळींना सांगायला हरकत नाही की हे दुखणं नवं नाही. १९९० च्या आसपास बडोद्यात आम्ही डॉसवर हिशेबाच्या याद्या मराठी-गुजराथीत छापत होतो. संगणकात सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड खोचायचं. मूळचं संशोधन आयआयटी कानपूरचं, पुढे सी-डॅकने वाढवलेलं. प्रोग्रॅम बिचारा इंग्रजीच समजत असायचा, त्याच्या दृष्टीने ती नुसती आठ बिटांची चिन्हं. जोडाक्षर कसं बांधायचं, वेलांटी कुठे सरकवायची, ही सगळी डोकेफोड कार्डाकडे. त्या चिन्हांचं इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरलं. युनिकोडच्या देवनागरीचा क्रम इस्कीच्या जुन्या, १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेला आहे.

म्हणजे ऐंशी रकान्यांच्या पडद्यावर धड मराठी आम्ही तेव्हा पाहिलेलं आहे, आणि तुमचा आजचा टर्मिनल 'स्का' जोडू शकत नाही! गाय मात्र आमच्याकडे नव्हती, हे मान्य.

---

मनू_आता_बंगळूर

बडोदेकरच, पण पोटासाठी दूर. 😄

ओनेको कसं कुणी सांगितलं नाही? पडद्यावर मांजर येतं आणि माउसच्या बाणामागे धावतं. बाण थांबला की कान खाजवतं, जांभई देतं, झोपतं. मूळ जपानी मांजर १९८०च्या दशकातलं, एनईसीच्या संगणकावरचं. मॅकवर आलं १९८९ ला, मग एक्स-विंडोवर (लिनक्सवर खिडक्या काढणारी जुनी यंत्रणा). -डॉग दिलं की कुत्रा.

पण एक, टर्मिनलातून सोडलं तरी ते टर्मिनलात राहत नाही, एक्स लागतं. वेलँड (एक्सची जागा घेणारी नवी यंत्रणा) असेल तर बाण जुन्या पद्धतीच्या खिडकीवर असेपर्यंतच मांजराला दिसतो, बाकी वेळी ते बावळटासारखं बसून राहतं. काकांचे लॅपटॉप जुने आहेत म्हणजे लॉगिनच्या वेळी एक्स निवडता येईल.

टर्मिनलातच राहणारे हवे असतील तर अॅस्किक्वेरियम: मासे, शार्क, वरून जाणारी बोट. पर्लमध्येच आहे. पोनीसे, काउसेचाच चुलतभाऊ, रंगीत घोडी. पण २५६ रंगांचा टर्मिनल हवा. न्यानकॅट, इंद्रधनुष्य सोडत उडणारं मांजर. सीमॅट्रिक्स मुलांना आवडतो, पण त्यात कॅरॅक्टर कोणी नाही, नुसता हिरवा पाऊस. लोलकॅट कशालाही इंद्रधनुष्यी करतो, गायीला सुद्धा.

---

सूरसागरी

मासे दाखवले आज. पहिली पाच मिनिटं शांतता, मग "यात आपण काय करायचं?" काही नाही. बघायचं. दहाव्या मिनिटाला मुलं परत गायीकडे.

मला वाटतं फरक इथेच आहे. इंजिन, मासे, मांजर हे सगळे स्वतःचा खेळ करून जातात. गायीला तुम्ही काहीतरी द्यावं लागतं, आणि तिने दिलेलं पुढे आणखी कुणाला देता येतं. फॉर्च्यून तिला बोलायला देतो, लोलकॅट तिला रंगवतो, आणि ती मध्ये उभी. एवढा साधा, एवढा निरुपयोगी प्रोग्रॅम पंचवीस वर्षांच्या वर टिकला तो गायीच्या चेहऱ्यामुळे नाही.

---

टर्मिनलत्रस्त

चेहऱ्यामुळेच टिकला. टी कमांडही पाइपात मध्येच उभी असते, तिच्यावर कुणी धागा काढला नाही.

---

मी_फक्त_वाचतो

हे बरोबर आहे पण.

---

डभोईवाला

एसएलचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरची गोष्ट सांगायला हवी. जपानी इंजिन कशाला? भारतातली पहिली नॅरोगेज गाडी गायकवाडांच्या राज्यात धावली, डभोई ते मियागाम, १८६२, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत. आठ मैल. आणि ती ओढायला इंजिन नव्हतं, बैल होते! इंजिनं वर्षभरात विलायतेहून मागवली होती, पण रूळ इतके हलके की त्यांचं वजन पेलेना. रोजच्या कामाला वाफ लागायला पुढे बरीच वर्षं गेली, तोवर रुळांवर बैलच.

म्हणजे काउसे आणि एसएल यांचं लग्न आपल्याकडे १८६२ लाच लागलेलं आहे. हे घ्या:

```
      \
       \   ^__^
        \  (००)\_______         ___________________
           (__)\       )-------| [] | [] | [] | [] |
               ||-----||       |___________________|
               ||     ||          (०)         (०)
  ====================================================
```

---

रेवा_रावपुरा

कसलं भारी!! 🐂🚃

पण दादा, ही तीच विलायती गाय आहे. वशिंड कुठाय?

---

जिस्टकाका

रेवाताईंचं बरोबर आहे. आणि शिंगं? गुजराथेतला कांक्रेज बैल पाहिला आहेत ना, केवढी मोठी, बाहेर वळून वर गेलेली शिंगं. ह्या दोन टोप्यांनी आठ मैल गाडी ओढली जायची नाही. शिवाय माझ्या समजुतीप्रमाणे जोडी जुंपलेली असणार, एक बैल नव्हे.

---

डभोईवाला

जोडी काढली तर आठ पाय काढावे लागतात काका, पडद्यावर नुसतं कुंपण दिसतं. दुसरा बैल पलीकडच्या बाजूला आहे असं समजा. शिंगं आणि वशिंड केलं:

```
      \
       \  (      )
        \  \_  _/
           (००)\__/\______         ___________________
           (__)\          )-------| [] | [] | [] | [] |
               ||-------||\       |___________________|
               ||       ||           (०)         (०)
  =======================================================
```

---

जिस्टकाका

आता कसा बैल वाटतो. शेपूट जरा तोकडी आहे, पण असू दे.

---

सूरसागरी

डभोईवाला, पायाच पडतो. ही गायीची फाइल कशी बनवायची ते मुलांना दाखवायचंय. कुणी नीट सांगेल का? मी केली तेव्हा तिरप्या रेघा गायब झाल्या आणि बैलाची पाठ मोडली.

---

पर्लपारंगत

.काऊ फाइल म्हणजे पर्लचा तुकडाच. डॉलर-दि-काऊ या व्हेरिएबलमध्ये दोन ईओसी खुणांच्या मधे चित्र ठेवायचं. ते दुहेरी अवतरणातलं असल्यामुळे पर्ल त्यात ढवळाढवळ करतो. म्हणून प्रत्येक उलटी तिरपी रेघ दोनदा लिहायची, नाहीतर एक गिळली जाते. चित्रात अॅट किंवा डॉलरचं चिन्ह असेल तर त्याच्याही आधी उलटी रेघ. चित्र फाइलमध्ये वाकडंतिकडं दिसेल, पडद्यावर सरळ येईल. आधी साध्या एडिटरमध्ये चित्र पूर्ण करा, मग शोधा-बदला करून रेघा दुप्पट करा. उलट केलंत तर वेड लागेल.

डोळ्यांच्या जागी डॉलर-आइज लिहा, जीभ हवी असेल तर डॉलर-टंग. फुग्यापासून तोंडापर्यंतच्या दोन-तीन रेघांच्या जागी डॉलर-थॉट्स, म्हणजे काउथिंकमध्ये त्यांचेच बुडबुडे होतात. हे केलं की -डी ने बैलही मरतो, आणि -टी ने दमतो, जे इथे ऐतिहासिक दृष्ट्या योग्य.

फाइल कुठेही ठेवा. -एफ पुढच्या नावात तिरपी रेघ असेल तर काउसे तो थेट पत्ता समजतो. नेहमीसाठी हवी असेल तर काउपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तुमचा फोल्डर द्या.

आणि हे मुलांना नक्की सांगा: फाइल पर्लचा कोड आहे म्हणजे ती चालवली जाते, नुसती वाचली जात नाही. इंटरनेटवरून कुठलीही गाय उचलून घरात बांधू नका. आधी उघडून बघा आत चित्राशिवाय आणखी काय आहे.

---

टर्मिनलत्रस्त

धाग्यातलं हे सगळ्यात कामाचं वाक्य. जाड अक्षरात करा कुणीतरी.

---

मनू_आता_बंगळूर

काका, एक टीप. एखादं मूल रूट (मशिनचा सर्वाधिकारी) होऊन काउसे चालवेल आणि कमांड सापडत नाही असं येईल. घाबरू नका. डेबियनमध्ये हे सगळे /यूएसआर/गेम्स मध्ये राहतात आणि रूटच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या जागांच्या यादीत) तो फोल्डर नसतो. मॅन्युअलचाही सहावा विभाग खास खेळांचा.

आणि एपीटीला (डेबियनमध्ये प्रोग्रॅम बसवणाऱ्या कमांडला) 'मू' म्हणून बघा. काहीही इन्स्टॉल न करता गाय येते आणि विचारते, आज हंबरलात का?

---

रेवा_रावपुरा

आता तिला बोलायला मराठी द्या ना. फॉर्च्यूनची फाइल बनवणं सोपं आहे. साधी टेक्स्ट फाइल, एक म्हण, खालच्या ओळीत एकटं टक्क्याचं चिन्ह, मग पुढची म्हण. नंतर स्ट्रफाइल चालवलं की शेजारी .डॅट नावाची सूची तयार होते, फॉर्च्यून त्यातून कुठलीही एक उचलतो. फॉर्च्यून ./म्हणी, उभी रेघ, काउसे -एन. हा फॉर्च्यून १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सुद्धा होता, आपल्या सगळ्या प्राण्यांचा आजोबा.

मुलांसमोर -ओ पर्याय नको, त्यात चावट आणि बोचरे सुविचार असतात. डेबियनने ते वेगळ्या पॅकेजात ठेवले होते, तुम्ही टाकलं नसेल तर प्रश्नच नाही.

---

सूरसागरी

मग म्हणी टाका इथे, मी फाइल बनवतो. जनावरांच्या आधी घेऊ. अट एकच, पर्लपारंगतांच्या भिंतीमुळे ओळ चाळीस रकान्यांच्या आत हवी.

---

डभोईवाला

बैल गेला आणि झोपा केला.

---

टर्मिनलत्रस्त

ही बॅकअप फेल झाल्याच्या ई-मेलमध्ये लावतो. हा एक बैल मला चालेल.

---

जिस्टकाका

गाढवाला गुळाची चव काय.
वासरात लंगडी गाय शहाणी.
आयत्या बिळावर नागोबा.
कोल्हा काकडीला राजी.

---

रेवा_रावपुरा

वासरात लंगडी गाय -डी ने नको, प्लीज. -टी ने चालेल.

एका हाताने टाळी वाजत नाही. जनावर नाही, पण पाइपचा तास आहे म्हणून.

---

मी_फक्त_वाचतो

मनात मांडे, पदरात धोंडे. (काउथिंकने.)

---

मनू_आता_बंगळूर

कुत्र्याचं शेपूट किती वर्षं नळीत घातलं तरी ते शेवटी वाकडं ते वाकडंच राहणार.

---

पर्लपारंगत

@मनू ही चाळिसात बसत नाही. 'नळीत घातलं तरी' नंतर ओळ तोड, आणि टक्का दुसऱ्या ओळीच्या खाली टाक, मध्ये नको. मध्ये टाकलास तर अर्धी म्हण एका दिवशी येईल आणि अर्धी दुसऱ्या.